गणिताच्या बाईंना विचारा: चुकलेल्या गणिताचं करायचं काय?

प्रश्न : बाई, पवित्र पोर्टलमधून निवड होऊन यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. सहावी ते आठवी, गणित आणि विज्ञान. बी.एड. झालं, टीईटीचा दुसरा पेपर झाला, पण वर्गात त्यातलं काही हाताशी येत नाही. पुस्तक पूर्णांक संख्यांवर गेलंय आणि निम्म्या मुलांचा वजाबाकी-भागाकारच कच्चा आहे. शिवाय खिचडीचं रजिस्टर माझ्याकडे, ऑनलाइन माहिती माझ्याकडे. वह्या तपासायला वेळच उरत नाही, बरोबर-चूक करून सही ठोकते. गणिताच्या शिक्षिकेचं नेमकं काम तरी काय?
– एक शिक्षण सेविका, जि. सातारा

उत्तर : तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची असेल. 'सही ठोकते' वाचून मला हसू आलं, कारण पहिली चार वर्षं मीही तेच केलं. लाल पेनाच्या रिफिली संपत होत्या आणि मुलांचं अडतंय कुठं ते मला कळत नव्हतं.

मग एकदा सहावीतल्या एका मुलीनं १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. मी फुली मारली. ती वही घेऊन परत आली. "बाई, चुकलं कुठं?" मी नेहमीचं सांगितलं, छेद समान कर, लसावि काढ. तर म्हणते, "पण परवा तुम्हीच असं केलंत की. मला पहिल्या चाचणीत ५ पैकी ३ पडले, दुसरीत १० पैकी ४. तुम्ही एकूण लिहिलंत १५ पैकी ७. वरचं वर मिळवलं, खालचं खाली."

वर्ग गप्प. मीही गप्प. पोरीचं म्हणणं खरं होतं, माझ्याच अक्षरात रजिस्टरला ७/१५ होतं. "उद्या सांगते," म्हटलं आणि तास संपवला. आजही वाटतं, त्या दिवशी मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम ते.

दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी काढून फळ्यापुढं धरली. अर्धी मोडली. "ही खाल्ली. आता याच भाकरीचा तिसरा हिस्सा आणखी खाल्ला. तुझ्या हिशेबानं पोटात गेली २/५. ती अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" कमी, ती म्हणाली. "म्हणजे मी खात गेले आणि भाकरी वाढत गेली?" सगळे हसले. ती नाही हसली. तिचा पुढचा प्रश्न तयार होता : "मग मार्कांना का चालतं?"

खरा तास तिथं सुरू झाला. अर्धा तास पोरं भांडली. शेवटी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मार्कांत ५ ची एक भाकरी हाय, १० ची दुसरी. दोन्ही मिळून १५ ची तिसरीच झाली." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. अपूर्णांक कशाचा, हे विचारल्याशिवाय बेरजेला हात लावायचा नाही, हे त्या वर्गाला मग परत सांगावं लागलं नाही. लसावि त्यानंतर दोन दिवसांनी काढला.

तर तुझं काम हे. चुकलेल्या उत्तरामागं मुलानं कुठला नियम लावलाय तो हुडकायचा. मुलं उगाच चुकत नाहीत, काहीतरी धरून चुकतात, आणि ते पुष्कळदा आपणच हातात दिलेलं असतं. 'वजा वजा अधिक' आपणच घोकून घेतो आणि मग −३ − ५ चं उत्तर +८ आलं की कपाळाला हात लावतो.

वेळेचं म्हणशील, तर सगळ्यांच्या सगळ्या वह्या रोज तपासूच नकोस. रोज पाच घे. ज्याची वही त्याला शेजारी बसव आणि "कसं केलंस ते सांग" म्हण. तू तोंड मिटून ऐकायचं, हेच सगळ्यात अवघड. मी एक दोनशे पानी वही घातली होती : नाव, तारीख आणि चूक जशीच्या तशी. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मूल वर्षभर कसं शिकतंय त्याच्या, नोंदी करायची वेळ आली की बाकीचे 'प्रगती समाधानकारक' लिहीत बसायचे, मला खरोखरचं लिहायला असायचं.

कच्च्या वजाबाकीसाठी एक उपाय. सातवीच्या पोराला तिसरीची वजाबाकी दिली तर त्याला लाज वाटते. त्याला कापरेकरांचा खेळ दे. द. रा. कापरेकर म्हणजे देवळालीच्या शाळेत मास्तरकी करत संख्यांशी खेळत बसलेला माणूस. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, चारही अंक सारखे तेवढे नकोत. आमची मुलं मुक्कामी एसटीचा नंबर घ्यायची. समज ३५२४. अंक उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५, वजा करून ३०८७. आता त्याचं तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ वर परत तेच केलं की परत ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथंच. ज्याचं येत नाही त्याचा हातचा कुठंतरी चुकलाय, आणि ते त्याचं त्यालाच कळतं. एका तासात पोरं वीस-वीस वजाबाक्या कुरकुर न करता करतात. भागाकाराला असली जादू नाही. तिथं रोज तासाची पहिली दहा मिनिटं काढावीच लागतात.

खिचडीच्या रजिस्टरवर मीही चिडायचे. मग तेच वर्गात नेलं. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ. काल ६३ मुलं, ९.४५ किलो. आज ६४ मुलं, ९.६ किलो. विचार वर्गाला, कुठल्या दिवशी तांदूळ जास्त लागला? निम्मे हात कालच्या बाजूनं वर येतील, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. "अरे, एक पोरगं वाढलं आणि तांदूळ कमी झाला?" एवढंच विचार आणि थांब. दशांश चिन्हानंतरचा ६ म्हणजे साठ शतांश, हे फळ्यावर दहादा सांगून जात नाही ते या एका प्रश्नात जातं.

बाकी ऑनलाइन माहितीवर माझ्याकडे औषध नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम लावू नये असं स्पष्ट आहे. ते कलम २७. पाठ करून ठेव, पण पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांपुढं म्हणून दाखवू नकोस.

प्रश्न : 'एकवीस'ला 'वीस एक' म्हणायचं हे खूळ तुम्हाला पटलं होतं का? आमच्या पिढीला काही अडलं नाही.
– एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ते आलं तेव्हा घरोघरी विनोद झाले, विषय विधानसभेत गेला. मी मात्र हसले नाही. आठवीतला एक मुलगा समीकरण अचूक मांडायचा आणि उत्तर चुकवायचा. महिनाभर कारण सापडेना. मग एकदा मी तोंडी संख्या सांगितल्या. 'सदतीस' म्हटलं, त्यानं ७३ लिहिले. 'पंचेचाळीस'ला ५४. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्याचा हात कानामागून चालत होता. 'एकोणऐंशी'ला तर त्यानं थेट ८९ लिहिले, ऐंशी ऐकू आलं ना! 'सदतीस' टाकून द्या असं मी म्हणणार नाही, कानाला गोड आहे. पण अडलेल्या मुलाला 'तीस सात' म्हणू दिलं तर भाषेचं काही बुडत नाही. तुमच्या पिढीत ज्यांचं अडलं ते शाळा सोडून गेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, अजून १७ चा पाढा येत नाही. शाळेतले सरच संध्याकाळी घरी क्लास घेतात, तिथं घालू का?
– एक आई, बारामती

उत्तर : ताई, शाळेतल्या शिक्षकानं खासगी शिकवणी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं बंद केलंय, तेव्हा सरांना तेवढं विचाराच. १७ च्या पाढ्यासाठी तर मुळीच घालू नका. दहापर्यंतचे पाढे पक्के आहेत का बघा. असतील तर सतरा सक म्हणजे दाही सक साठ आणि सात सक बेचाळीस, झाले एकशे दोन. भाजी घेताना पिशवी आणि हिशेब दोन्ही त्याच्याकडं द्या. पाव किलो, दीड किलो, अडीच किलो असंच घ्या, सरळ एक किलो घेऊ नका. भाजीवाली थांबते, तिला सवय असते.