सातव्या महिन्यात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलं. बाळाला अंगावर पाजता येईल का? सासूबाईंनी माझं ताट-वाटीही वेगळं केलंय.

पाजा ताई, निर्धास्त पाजा. मी प्रसूती विभागात स्टाफ नर्स आहे. पॉझिटिव्ह आलेली जवळपास प्रत्येक बाई आधी दुधाचंच विचारते. बाळाला जन्मतः लस मिळाली की दुधाची भीती नाही.

लागण होते ती बहुधा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्तातून. मोठ्या माणसाच्या शरीरातून हा यकृताला लागणारा विषाणू बहुतेकदा आपोआप जातो. नवजात बाळाला लागला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो आणि पुढे सिऱ्हॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा यकृताच्या कॅन्सरचा धोका राहतो. म्हणून जन्मल्यावर २४ तासांच्या आत, जमल्यास १२ तासांतच, दोन इंजेक्शनं हवीत: एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. लस सहसा मिळते. दुसरं महाग असतं, लहान नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा नसतंच, मग बाळाचा बाप रात्री मेडिकल पालथी घालत फिरतो. ते कुठून आणायचं, हे आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण. तो मिलिलिटरमागे दोन लाख युनिटच्या वर असेल तर साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर हे विषाणू दाबणारं औषध देतात. तुमची वेळ अगदी हीच आहे, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात (२०१८ पासून) सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केवळ यासाठी सिझेरियन लागत नाही.

ताट-वाटीने हा आजार पसरत नाही. ब्लेड आणि टूथब्रश वेगळे ठेवा. नवऱ्याची तपासणी करून लस घ्यायला लावा, आणि खरं तर सासूबाईंचीही तपासणी व्हावी!

त्यांच्या डोक्यात बहुतेक घाणेरड्या पाण्याची कावीळ असावी. ती हिपॅटायटिस ई. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं दूषित पाणी नळाला आलं आणि हजारो लोकांना ती झाली. गरोदर बाईच्या जिवावर बेतते ती हीच: शेवटच्या तीन महिन्यांत यकृत निकामी होऊन शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. त्यामुळे पाणी उकळूनच प्या. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, गुंगी आली तर काविळीची माळ घालत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

बाळाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकत्र लस, त्यात हिपॅटायटिस बीही आहे) डोस चुकवू नका. त्याची रक्ततपासणी नऊ महिन्यांनंतर करा. त्याआधी केलेल्या तपासणीवरून नेमकं कळत नाही.