वाचकांचे प्रश्न : चित्रासमोर उभे राहिल्याशिवाय निकाल नको

प्रश्न : मी नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहते. आमच्या मंडळाने समकालीन व्हिएतनामी चित्रकारांचे प्रदर्शन भरवून तीन चित्रांना पारितोषिके देण्याचे ठरवले आहे. मुंबईत कलाशिक्षण झाल्यामुळे तीन परीक्षकांत माझीही वर्णी लागली. शंभरावर प्रवेशिका छायाचित्रांच्या रूपाने आल्या असून त्यांवरूनच दहापैकी गुण द्यावेत, असे मंडळाचे म्हणणे आहे. हे योग्य होईल काय? शिवाय एखादे चित्र खरोखर ‘व्हिएतनामी’ आहे, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : छायाचित्रांवरून फार तर चाळणी लावावी, निकाल लावू नये. हा नियम कोणत्याही चित्राला लागू असला, तरी व्हिएतनाममध्ये तो मोडल्यास नुकसान अधिक होते, कारण आपल्याकडे आलेल्या प्रवेशिकांत ‘सन माय’ पद्धतीची चित्रे असणारच. ‘सन’ म्हणजे झाडाच्या चिकाचे रोगण आणि ‘माय’ म्हणजे घासणे. लाकडी फळीवर कापड चिकटवून अस्तर चढवतात, त्यावर रोगणात कालवलेल्या रंगांचे थर देतात, मध्येच चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख लावतात, आणि शेवटी पाणी घालून घासत घासत खालचे थर हवे तेवढे वर आणतात. म्हणजे येथे चित्रकार रंग लावून जितके काढतो, तितकेच खरवडूनही काढतो. मूळ चीक तपकिरी असल्याने त्यात शुभ्र पांढरा मिळत नाही. म्हणून पांढऱ्याच्या जागी अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे एकेक करून बसवतात. फळीच्या कडेने टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून पाहा, म्हणजे कवचांमधल्या भेगा, वर्खाची खोली आणि घासताना सुटलेला हात, हे सारे दिसू लागेल. छायाचित्रात यातले काहीच येत नाही. येते ती चकाकी, आणि पुष्कळदा छायाचित्र काढणाऱ्याची सावली. हल्ली झाडाच्या चिकाऐवजी कारखान्यात तयार झालेले, लवकर वाळणारे रोगणही वापरतात. ते वापरणे गैर नाही, परंतु प्रवेशिकेत तसे नमूद करण्याचा आग्रह अवश्य धरावा.

गुणांविषयी माझे मत थोडे कडवे आहे. तीन परीक्षकांनी एका चित्राला नऊ, नऊ आणि दोन गुण दिले, तर बेरीज वीस होते. दुसऱ्याला तिघांनीही सात दिले, तर एकवीस. ज्या चित्राने दोघांना हलवले आणि तिसऱ्याला चिडवले, ते हरते. ज्याने कोणालाच त्रास दिला नाही, ते जिंकते. एका स्पर्धेत अशाच बेरजेवर मी स्वतः सही केली आहे, आणि पारितोषिक मिळालेले ते चित्र आज मला आठवतही नाही. म्हणून चित्रकारांची नावे झाकून पहिल्या फेरीत केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे, उरलेली वीस-पंचवीस चित्रे प्रत्यक्ष मागवून भिंतीला टेकवून ठेवावीत, आणि तिघांनी त्यांच्यासमोर उभे राहून मोकळेपणाने वाद घालावा. एका परीक्षकाला एखादे चित्र हट्टाने पुढे नेण्याची मुभा असावी, मात्र त्याने आपले कारण लेखी द्यावे.

आता ‘व्हिएतनामी’पणाचा प्रश्न. तो परीक्षकाने विचारूच नये, असे मला वाटते. हनोईत 1925 मध्ये, फ्रेंच अमलात, फ्रेंच चित्रकार व्हिक्टर तार्द्यू आणि व्हिएतनामी चित्रकार नाम सन यांच्या प्रयत्नांतून इंडोचायना कलाशाळा उभी राहिली. तेथे विद्यार्थी तैलरंग शिकले, रेशमावर रंगवू लागले, आणि देवळांतल्या मूर्ती-मखरांना लागणारे रोगण त्यांनी 1930 च्या दशकात चित्रासाठी वापरात आणले. म्हणजे आज जे अस्सल परंपरेचे म्हणून मिरवते, ते सन माय चित्रही शंभर वर्षांपेक्षा जुने नाही. पुढे 1986 मध्ये ‘दोई मोई’ धोरणाने अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी गिऱ्हाईक आले, आणि त्यांना आवडणाऱ्या शंकूच्या आकाराच्या टोप्या, लांब झग्यातल्या तरुणी आणि कमळे यांची चित्रे दुकानोदुकानी दिसू लागली. आपण खूण म्हणून जे शोधू जाल, नेमके तेच बाजाराने आधीच रंगवून ठेवलेले आहे.

प्रदर्शनासाठी सरकारी परवानगी लागते, आणि अर्जासोबत चित्रांची यादी व छायाचित्रे जोडावी लागतात. त्यामुळे परीक्षण आधी संपवावे. परवानगी मिळाल्यावर आयत्या वेळी एखादे चित्र घुसडता येत नाही. मांडणीत रेशमावरची चित्रे खिडकीपासून दूर ठेवावीत. त्यांच्यावर पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश असावा. रोगणाच्या फळ्यांसमोर खिडकी किंवा दिवा नको, नाहीतर प्रेक्षकाला चित्राऐवजी स्वतःचाच चेहरा दिसेल.

प्रश्न : (याच वाचक भगिनींचा) एका संग्राहकाने उद्घाटनाची शोभा वाढावी म्हणून बुई स्वान फाय यांची दोन चित्रे मांडायला देऊ केली आहेत. स्वीकारावीत का?

उत्तर : चित्राचा मागचा प्रवास कागदोपत्री सिद्ध होत नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. हनोईच्या जुन्या गल्ल्या रंगवणारे फाय 1988 मध्ये वारले. हयातीत त्यांचे एकच एकल प्रदर्शन झाले, तेही 1984 मध्ये. आणि मृत्यूनंतर त्यांच्या नावावर खपवलेल्या नकलांना मात्र सुमार नाही. आपल्याच शहरातील ललितकला संग्रहालयात 2016 मध्ये युरोपातून परत आलेली म्हणून सतरा चित्रे मांडली गेली होती. त्यांपैकी एक चित्र पाहून एका हयात चित्रकाराने ते आपलेच असून त्यावर सही दुसऱ्याची असल्याचे सांगितले. तज्ज्ञांच्या तपासणीत सतरापैकी एकही चित्र सहीप्रमाणे खरे ठरले नाही, आणि संग्रहालयाला जाहीर माफी मागावी लागली. गोंधळाची मुळे जुनी आहेत : युद्धकाळात हनोईच्या संग्रहालयातील मूळ चित्रे सुरक्षित ठिकाणी हलवून भिंतींवर नकला लावल्या गेल्या होत्या. जिथे संग्रहालय फसले, तिथे हौशी मंडळाने कशाला हात घालावा? समकालीन चित्रांचा मोठा फायदाच हा, की चित्रकाराला फोन करून विचारता येते.

प्रश्न : व्हिएतनामी रोगण आणि आमच्या सावंतवाडीचे लाखकाम एकच का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही. आपली लाख कीटकांपासून मिळते आणि उष्णतेने वितळते. व्हिएतनामी रोगण हा झाडाचा चीक असून तो दमट हवेत वाळतो आणि एकदा घट्ट झाला की वितळत नाही. त्याचे जवळचे नाते लाखेशी नसून बिब्ब्याशी आहे. दोन्ही झाडे आंब्या-काजूच्या एकाच कुळातली. आपल्याकडे बिब्बा उततो, तसे त्या चिकाने नवख्या कारागिराचे अंग सुजते. व्हिएतनामी माणूस त्याला ‘सनाने खाल्ले’ असे म्हणतो. कुणाला बाधते, कुणाला नाही. त्यावर त्यांची म्हणच आहे : सन तोंड पाहून खातो, भूत माणूस पाहून धरते.