गाऊजचा कोन नेमका मोजायचा कुठे? : प्रश्नोत्तरे

लाकूड फिरवत ठेवून कापायच्या लेथवरच्या हत्यारांच्या, म्हणजे गाऊज (पन्हाळीसारखी खोलगट छिन्नी) वगैरेंच्या, धारेबद्दल या वेळी आलेले प्रश्न फिरून फिरून कोनावरच येतात. म्हणून ते एकत्रच घेतो.

प्रश्न : १३ मि.मी.च्या बाऊल गाऊजला (वाडगे कोरायच्या गाऊजला) २०० मि.मी.च्या चाकावर धार लावतो. ग्राइंडरचं टेबल ४० अंशांना लावलेलं आहे, पण बेव्हलवर (धारेमागच्या घासलेल्या उतारावर) कोनमापक ठेवलं की ४३ दिसतात. चुकतंय काय? (पुणे)

काहीच चुकत नाही. चाक गोल, त्यामुळे बेव्हलही आतून किंचित खोलगट घासला जातो. कोनमापकाची सरळ पट्टी टेकते दोनच ठिकाणी, धारेवर आणि टाचेवर (बेव्हलच्या मागच्या कडेवर). उजेडासमोर धरा, मधली फट दिसेल. या पट्टीचा कोन प्रत्यक्ष धारेच्या कोनापेक्षा नेहमी थोडा मोठा भरतो. बेव्हल १० मि.मी. लांब असेल तर २०० मि.मी.च्या चाकावर फरक जवळजवळ ३ अंशांचा, १५०च्या चाकावर ४ अंशांच्या आसपास. तुमचा हिशेब तंतोतंत जुळतोय.

कोनमापकाची दुसरी बाजू दांड्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेने ठेवा आणि मोजा फक्त नाकाशी (धारेच्या मधल्या टोकाशी). दोन्ही पंखांचा (नाकाच्या दोन बाजूंच्या धारांचा) कोन वेगळाच असतो, तिथे मोजून डोक्याला ताप करून घेऊ नका.

प्रश्न : स्क्यूला (तिरक्या धारेच्या सपाट छिन्नीला) दोन्हीकडून उतार. कोनमापक धड बसतच नाही. काय करावं? (सांगली)

कोनमापक ठेवून द्या, व्हर्निअर (लांबी-जाडी बारकाईने मोजायचं साधन) घ्या. बेव्हलची लांबी हत्याराच्या जाडीच्या दीडपट असेल तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण ३९ अंश, दुप्पट असेल तर २९. म्हणजे ६ मि.मी. जाडीच्या स्क्यूला ९ किंवा १२ मि.मी. लांबीचा बेव्हल. सागवान, शिसवीसाठी मी ९ च्या बाजूला राहीन. १२ वाली धार मऊ लाकडावर लोण्यासारखी चालते, पण टिकत नाही.

लांबी धारेला काटकोनात मोजायची. स्क्यूची धार तिरकी, त्यामुळे दांड्याच्या कडेने मोजलंत तर आकडा जास्त येतो आणि हत्यार आहे त्यापेक्षा तीक्ष्ण वाटतं. दोन्ही बाजूंची लांबी सारखी हवी, हे सांगायला नकोच.

प्रश्न : मोबाईलच्या ॲपवर कोन बघितला तर? (नाशिक)

टेबल लावायला चालेल. बेव्हल मोजायला नाही, १० मि.मी.च्या पृष्ठभागावर एवढा मोठा फोन टेकवणार कसा? त्यापेक्षा जुनी लग्नपत्रिका घ्या. काटकोनापासून आडवे १०० मि.मी., उभे ८४, टोकं जोडा : आडव्या रेषेच्या टोकाशी ४० अंश मिळतात. ५५ हवे असतील तर उभे १४३. त्या कोनाची खाच कापली की गेज तयार.

प्रश्न : सगळ्या गाऊजना ४० अंशच द्या, असं शिकवलं गेलं. पण खोल वाडग्याच्या तळाशी गाऊज उड्या मारतो. (ठाणे)

बाहेरच्या अंगाला ४० अंश उत्तमच, काप स्वच्छ येतो. आत उतरलात की गोष्ट बदलते. तळाशी बेव्हल लाकडाला टेकता ठेवायचा तर मूठ बरीच बाजूला न्यावी लागते आणि तिथे वाडग्याचा काठ आडवा येतो. बेव्हल उचलला जातो, नुसती धार टेकते, हत्यार लाकडात घुसतं. तळासाठी ६० ते ६५ अंशांचा वेगळा गाऊज ठेवा आणि त्याची टाच थोडी घासून टाका, नाहीतर वक्रावर रेघा उमटतात. एका गाऊजमध्ये सगळं भागवण्याचा हट्ट मला पटत नाही. रफिंग गाऊजला (ओबडधोबड लाकूड गोल करायच्या गाऊजला) ४५ आणि स्क्रेपरला (खरवडायच्या हत्याराला) ७० ते ८० अंश बरे.

प्रश्न : एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर बिघडतं का? (कोल्हापूर)

कापताना नाही. बिघडतं ते दर वेळी वेगळा कोन लागला की. मग चाक धारेला टेकण्याआधी टाचच घासत बसतं आणि पोलाद फुकट जातं.

यावर उपाय मार्करचा. बेव्हल काळा करा, ग्राइंडरचा प्लग काढा, हत्यार टेबलावर धरून चाक हाताने थोडं फिरवा. शाई धारेपासून टाचेपर्यंत सारखी निघाली तर कोन जुळला. फक्त टाचेजवळ निघाली तर कोन लहान लागलाय, फक्त धारेशी निघाली तर मोठा. जिग (हत्यार ठरावीक कोनात धरणारी पकड) वापरत असाल तर गाऊज जिगमधून किती पुढे काढला तेही दर वेळी तेवढंच हवं; टेबलाच्या कडेला एक लाकडी ठोकळा ठोकून ठेवा, नाक त्याला टेकवा आणि मगच स्क्रू आवळा.