इंग्लंडला जाण्याआधी मुलांच्या भुलीचा अभ्यास प्रश्न सोडवून ताजा कसा ठेवायचा

तुमचा प्रश्न असा : एमडी होऊन तीन वर्षं झाली, जिल्ह्याच्या गावी फ्रीलान्स करता, मुलांच्या केसेस महिन्याला जेमतेम चार-पाच मिळतात आणि वर्षभराने एमटीआयवर (परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ तिथे काम करत शिकू देणारी योजना) इंग्लंडला जायचं आहे. तोवर पीडियाट्रिक ॲनेस्थेशिया प्रश्नसंच सोडवून ताजा राहील का, आणि तयारी कशी करावी?

राहील. मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोणत्या देशाचं आणि कोणत्या सालचं आहे, हे बघूनच सोडवा. जे आपल्याला येत नाही ते आपण कुणाला तरी विचारतो. जे रेसिडेन्सीत घोटून पक्कं झालं आहे ते न विचारताच हातून होतं, आणि नव्या देशात धोका तिथेच असतो.

सलाईनचंच बघा. आपल्याकडे लहान मुलाला मेंटेनन्स (रोजच्या गरजेपुरतं सलाईन) म्हटलं की हात आयसोलाइट-पीच्या बाटलीकडे जातो. त्यात सोडियम लिटरला साधारण २५ मिलीमोल. ऑपरेशननंतर एडीएच (लघवी कमी करणारं संप्रेरक) वाढलेलं असतं, पाणी अंगात राहतं, सोडियम उतरतं आणि मूल झटके देऊ लागतं. इंग्लंडमध्ये या कारणाने २००७ साली ०.१८ टक्के सलाईन-४ टक्के ग्लुकोज सर्वसाधारण वॉर्डांतून काढून घेण्याची सूचना निघाली. नाइस या तिथल्या सरकारी संस्थेची २०१५ची मार्गदर्शिका १३१ ते १५४ मिलीमोल सोडियम असलेलं आयसोटोनिक (रक्ताइतकंच खारट) सलाईनच सांगते. ताशी किती, हे काढायचं ४-२-१चं सूत्र (पहिल्या दहा किलोंना किलोमागे ४ मिली, पुढच्या दहांना २, त्यापुढे १) मात्र तेच : १२ किलोला ४४ मिली. म्हणजे वेग बरोबर आणि बाटली चूक, अशी गत होते. जुन्या प्रश्नसंचात फक्त वेग विचारलेला असतो, म्हणून ही चूक लक्षातच येत नाही.

उपाशी ठेवण्याचंही तसंच. अमेरिकी भूलतज्ज्ञांची सोसायटी क्लिअर फ्लुइडला (पाण्यासारख्या पातळ, स्वच्छ पेयाला) दोन तास सांगते. ब्रिटिश पीडियाट्रिक ॲनेस्थेटिस्टांच्या असोसिएशनने २०१८ साली युरोपातल्या संघटनांबरोबर एक तास मान्य केला. व्हीएफला (हृदय नुसतं थरथरतं तेव्हा) पहिला शॉक अमेरिकेत २ ज्यूल प्रति किलो, ब्रिटनमध्ये थेट ४. ब्रिटनमध्ये सीपीआरची सुरुवात पाच श्वासांनी होते. बाजारातले बरेच मोठे प्रश्नसंच अमेरिकी बोर्डासाठी केलेले आहेत, तेव्हा तिथली उत्तरं त्यांच्यापुरती बरोबर असूनही तुमच्या कामाची नसतील.

एककं आताच बदलून घ्या. तिथे कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) किलोपास्कलमध्ये असतो : ४.८ म्हणजे ३६ मिमी पारा, गुणक ७.५. साखर मिलीमोल प्रति लिटरमध्ये : २.६ म्हणजे साधारण ४७ मिग्रॅ प्रति डेसिलिटर, गुणक १८. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये, म्हणून १०.५ ऐवजी १०५ लिहिलेलं येतं. प्रत्येक प्रश्नातले आकडे हाताने या एककांत लिहून मगच सोडवा. पंधरा दिवसांत डोळे सरावतात.

आता एकच प्रश्न शेवटपर्यंत कसा पिळून घ्यायचा ते सांगतो. दोन वर्षांचा मुलगा, वजन १२ किलो, इंग्वायनल (जांघेतला) हर्निया, डे-केस (त्याच दिवशी घरी). भूल चढल्यावर ०.२५ टक्के बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा कॉडल (माकडहाडाजवळून दिलेला ब्लॉक) द्यायचा आहे; किती मिली? आर्मिटेजच्या सूत्राने १ मिली प्रति किलो, म्हणजे १२ मिली. पर्यायांत १२ दिसलं, खूण केली, पुढे गेलात, तर हा प्रश्न वाया गेला. १२ मिलीत ३० मिग्रॅ बसतात, म्हणजे बरोबर २.५ मिग्रॅ प्रति किलो. कमाल मर्यादा इथेच संपली.

आता प्रश्न बदला. सर्जन म्हणाले, शेवटी जखमेत ३ मिली टोचतो. उत्तर : नाही. हे आधी ठाऊक असतं तर कॉडल ०.२ टक्क्यांचा करता आला असता : १२ मिलीत २४ मिग्रॅ, उरले ६ मिग्रॅ, म्हणजे ०.२५ टक्क्यांचे २.४ मिली. म्हणून सर्जनला विचारायचं ते सुई घालण्यापूर्वी.

पुन्हा बदला. औषध देताना टी वेव्ह उंच झाली, क्यूआरएस रुंदावलं, नाडी गेली : बुपिवाकेन रक्तात जाऊन विषबाधा झाली. उतारा म्हणून २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) १.५ मिली प्रति किलो, म्हणजे १८ मिली एका मिनिटात. मागोमाग ताशी १५ मिली प्रति किलो, म्हणजे १८० मिली. पाच मिनिटांनी प्रतिसाद नसेल तर बोलस पुन्हा आणि वेग दुप्पट. एकूण १२ मिली प्रति किलोच्या, म्हणजे १४४ मिलीच्या पुढे नाही. ॲड्रिनलिन ब्रिटिश मार्गदर्शिकेच्या पानावर नेहमीच्या सीपीआरप्रमाणे १० मायक्रोग्रॅम प्रति किलो, अमेरिकी रीजनल ॲनेस्थेशिया सोसायटीच्या यादीत १ मायक्रोग्रॅमपर्यंतच. ब्रिटिश हिशेबाने १२० मायक्रोग्रॅम म्हणजे १:१०,०००चे १.२ मिली. आपल्याकडे १ मिग्रॅचा अँप्युल फोडून आपणच दहा मिली करतो, तिथे १:१०,०००ची भरलेली सिरिंज ट्रॉलीवर असते. सवयीने तीच पुन्हा डायल्यूट केलीत तर दहावा हिस्साच जाईल. हे उत्तरात मिलीमध्ये लिहा. मायक्रोग्रॅममध्ये बरोबर आणि सिरिंजमध्ये चूक, हा प्रकार फार होतो.

अजून एक बदल : मूल चार महिन्यांचं, जन्म तिसाव्या आठवड्यातला. पोस्टकन्सेप्शनल वय (गर्भातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून) साधारण ४७ आठवडे. साठ आठवड्यांच्या आत ॲप्निया (श्वास थांबणं) होऊ शकतो, म्हणून डे-केस नाही, रात्रभर मॉनिटरवर. औषधाला बांधून ठेवणारं अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन कमी असल्याने मोकळं बुपिवाकेन जास्त राहतं, तेव्हा २.५ ही मर्यादाही खाली आणायची. आणि शेवटचा बदल : मुलाबरोबर फक्त आजी आली आहे, सही कोण करणार? आपल्याकडे आजीची सही सर्रास चालवून घेतली जाते. इंग्लंडमध्ये कायद्याने पालकत्वाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांचीच संमती लागते. तातडीची केस असेल तर मुलाच्या हितासाठी पुढे जाता येतं, हर्नियाच्या डे-केसला नाही. आईला फोन लावायचा आणि संमतीची लेखी नोंद करायची. सोळा वर्षांखालच्या मुलाला समज असेल तर तो स्वतः संमती देऊ शकतो, हा गिलिक निकाल १९८५चा. हा भाग आणि सेफगार्डिंग (मुलांचं अत्याचार-दुर्लक्षापासून संरक्षण) आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नसतोच. त्यावरचे प्रश्न मुद्दाम शोधून सोडवा.

रोजचा बेत लहान ठेवा : सहा प्रश्न, तीस मिनिटं. पर्याय झाकून आधी स्वतःचं उत्तर लिहायचं आणि शेजारी ‘खात्री’, ‘अंदाज’ किंवा ‘माहीत नाही’. ‘खात्री’ लिहून चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा. चारच रकाने पुरतात : प्रश्नाचा गाभा, मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि हे कोणत्या मार्गदर्शिकेत, कोणत्या सालच्या. चौथा रकाना कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात मोलाचा. वहीतले प्रश्न तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा घ्यायचे, पण वजन बदलून. तसं केलं नाही तर लक्षात राहतो तो ‘सी’ पर्याय. एकच संच दुसऱ्यांदा सोडवून मिळालेले ८५ टक्के बघून निर्धास्त होऊ नका.

जुनी उत्तरं ओळखायला शिका. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालताना मिलरचं सरळ ब्लेड, हे वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर. नवजात आणि तान्ह्यांच्या एअरवेवरची २०२४ची युरोपीय मार्गदर्शिका पहिली पसंती व्हिडिओलॅरिंगोस्कोपला (कॅमेरा असलेल्या लॅरिंगोस्कोपला) देते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलाला कोडीन देणारा पर्याय बरोबर धरलेला दिसला, तर तो संच २०१३च्या आधीचा समजा.

सुरुवात फुकट मिळणाऱ्या गोष्टींनी करा. भूलतज्ज्ञांच्या जागतिक फेडरेशनच्या ‘ट्युटोरियल ऑफ द वीक’मध्ये मुलांचे बरेच विषय आहेत आणि बहुतेकांत प्रश्नही असतात. ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सची क्विक रेफरन्स हँडबुक (आणीबाणीत काय करायचं त्याची पानं) उतरवून घ्या आणि तिच्या प्रत्येक पानावरून स्वतः दोन प्रश्न तयार करा. लॅरिंगोस्पाझम, ब्रॉन्कोस्पाझम, लिपिड, डँट्रोलिन (मॅलिग्नंट हायपरथर्मियावरचं, म्हणजे भुलीने ताप भडकतो त्यावरचं औषध) यांवर वेळ जास्त घाला. विकत घेतलेल्या संचांत दुर्मीळ सिंड्रोम फार भरलेले असतात. डँट्रोलिनची पावडर बहुतेकांनी हाताळलेलीही नसते : एका व्हायलमध्ये २० मिग्रॅ, ती विरघळायला ६० मिली स्टराइल वॉटर, आणि २० किलोच्या मुलाला पहिलाच डोस ५० मिग्रॅ म्हणजे तीन व्हायल फोडायच्या. हे करायला किती हात लागतील, हाही प्रश्नच आहे. तो वहीत लिहा.

टेलिग्रामवर फिरणारे ‘आठवून लिहिलेले’ परीक्षेचे प्रश्न घेऊ नका आणि पुढे पाठवू नका. त्यांची उत्तरं भरवशाची नसतात. शिवाय परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणं नियमाबाहेर आहे, आणि जीएमसी (तिथली डॉक्टरांची नोंदणी परिषद) प्रामाणिकपणाच्या बाबतीत फार कडक आहे.

सध्याच्या चार-पाच केसेसही वाया घालवू नका. आदल्या रात्री त्या मुलाच्या वजनाचे दहा आकडे मिलीमध्ये लिहा, ओटीत अँप्युलवरच्या कॉन्सन्ट्रेशनशी ताडून बघा. इंग्लंडला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्या रुग्णालयाचे उपवास, सलाईन आणि वेदनाशामकांचे स्थानिक नियम मागून घ्या आणि वहीचा चौथा रकाना त्यांच्याशी ताडा. जिथे फरक दिसेल तिथे कन्सल्टंटला विचारा. सीपीडीची (नोकरीत चालू ठेवलेल्या अभ्यासाची) नोंद तिथे ठेवावी लागते, म्हणून वहीत तारखा पहिल्या दिवसापासून घाला.