‘लष्कराला पाचारण’ की ‘सैन्य धाडा’?

प्रश्न असा आहे: कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर अमेरिकेत निदर्शनं पेटली होती, तेव्हा ३ जून २०२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सिनेटर टॉम कॉटन यांचा ‘सेंड इन द ट्रूप्स’ हा लेख छापला. या शीर्षकाचं मराठी ‘लष्कराला पाचारण करा’ असं चालेल का?

माझ्या मते नाही. पाचारण म्हणजे बोलावणं, आणि ज्याच्या दारात अडचण आहे तोच बोलावतो. विहिरीत बिबट्या पडला की गावकरी वनखात्याला पाचारण करतात. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात लष्कराला पाचारण केलं, तेव्हा माणसं छपरांवर बसून बोटींची वाट पाहत होती. या शब्दात ‘या, आम्हाला हवे आहात’ हे गृहीत असतं.

कॉटन यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. राज्यांचे गव्हर्नर नको म्हणत असले तरी राष्ट्राध्यक्षांनी १८०७चा बंडविरोधी कायदा वापरून सैन्य उतरवावं, असं ते सांगत होते. त्यांनी दिलेल्या दाखल्यांतले दोन तर वेगवेगळ्या जातीचे. १९९२मध्ये लॉस एंजेलिसच्या दंगलीत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनेच मदत मागितली, ते पाचारण. १९५७मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी गव्हर्नरला न जुमानता १०१वी एअरबोर्न डिव्हिजन धाडली. धाडणं तिथे न्यायाचंच होतं, पण ते पाचारण नव्हे. हा फरक मोडला की लेखातला सगळा वाद वाचकाच्या नजरेआड जातो, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. जून २०२५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा तोच, सैन्य धाडण्याचा प्रसंग आला. गव्हर्नर न्यूसम तर विरोधात कोर्टात गेले. तिथे ‘पाचारण’ लिहिणं म्हणजे त्यांच्या तोंडी न केलेली मागणी घालणं.

‘तैनात’ हा शब्द त्याहून गुळगुळीत. कुणी कुणाला नेमलं हे तो सांगतच नाही. मराठी वाचकाला तर त्यावरून १८०२चा वसईचा तह आठवावा: तैनाती फौजेचा खर्च पेशव्यांकडून, हुकूम मात्र इंग्रजांचा.

तेव्हा ‘सैन्य धाडा’. मूळ शीर्षकही कॉटन यांचं नव्हे, वृत्तपत्राचं होतं. ५ जूनच्या संपादकीय टिपेत तसं नमूद आहे. लेखावरून उठलेल्या वादात दोन दिवसांनी मतपानाचे संपादक जेम्स बेनेट यांनी राजीनामा दिला. संपादकांनी आज्ञार्थ निवडला होता, तो मराठीत ‘पाचारण’ लावून मवाळ करू नये.