तळपायाची चामखीळ हटतच नाही

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातला, केळीची शेती आहे. डाव्या तळपायाला दीड वर्षापासून चामखीळ आहे. मेडिकलमधून सॅलिसिलिक अ‍ॅसिडची बाटली आणून तीन आठवडे लावली, वरची कातडी पांढरी पडून निघाली पण आत जशीच्या तशी. मग वैतागून दाढीच्या ब्लेडने कापली तर रक्त आलं आणि आता आजूबाजूला बारीक तीन अजून उगवल्या. आई म्हणते बिब्बा लाव, दोन दिनमा जळी जाई. लावू का? वडिलांच्या पायालाही असंच काहीतरी आहे, त्यांना शुगर आहे, हेच औषध त्यांना चालेल का?

उत्तर : भाऊ, बिब्बा अजिबात लावू नका. आईंची काळजी मला कळते पण बिब्ब्याचं तेल चामखीळ बघून जाळत नाही, शेजारची चांगली कातडी पण भाजते, फोड येतात, आणि तळपायाला जखम झाली की तुम्ही बागेत पाणी भरायला जाणार कसे?

ब्लेड पण आजपासून बंद. चामखीळ एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होते, कापताना तो शेजारच्या ओरखड्यांत शिरतो, तुमच्या त्या तीन नवीन बहुतेक तशाच आल्यात.

औषध तुमचं बरोबर आहे हो, सोडलं लवकर. तळपायाची कातडी जाड, त्यातून औषध आत उतरायला वेळ लागतो, १२ आठवडे तरी रोज लावायचं. आता कापलेलं पूर्ण भरू द्या, मग सुरू करा. रात्री पाय ५-१० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, वरची पांढरी मेलेली कातडी घासणीच्या दगडाने हळूच घासून काढा, हे घासणंच लोक विसरतात आणि मग औषध मेलेल्या कातडीवरच बसून राहतं. दगड फक्त त्यासाठीच ठेवा, टाचा घासायला किंवा घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका. कडेने व्हॅसलीन लावा, औषधाचा थेंब बरोबर चामखिळीवर टाका, सुकू द्या, वरून चिकटपट्टी. थोडी चुरचुर चालते, पण लाल होऊन दुखायला लागलं तर दोन-तीन दिवस थांबा. बाटलीतलं औषध पटकन पेट घेतं, चुलीजवळ किंवा बिडी ओढताना उघडू नका, आणि झाकण घट्ट लावा, आपल्याकडच्या मे महिन्यात उघडी राहिली तर घट्ट होऊन जाते.

घासल्यावर आत काळे ठिपके दिसतील, त्या रक्त गोठलेल्या बारीक नसा आहेत, बी किंवा मूळ नाही, सुईने टोकरू नका. ठिपके जाऊन कातडीच्या रेषा परत सलग दिसल्या की समजा गेली, तोवर थांबायचं नाही. १२ आठवड्यांनी पण तशीच असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, ते बर्फापेक्षाही खूप थंड अशा पातळ नायट्रोजनने चामखीळ गोठवतात.

वडिलांना मात्र हे औषध लावूच नका. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते, भाजलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. शिवाय त्यांचं कुरूप पण असू शकतं. त्यांना या आठवड्यातच डॉक्टरला पाय दाखवा, केळीची कापणी दोन दिवस पुढे गेली तरी चालेल.