महागाई, सरकारी खर्च आणि तुमचा खिसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळची बहुतेक पत्रं महागाईवरच आहेत. आधीच सांगून ठेवतो, मी स्वतंत्रतावादी आहे. माणसाच्या कमाईवर पहिला हक्क त्याचा, सरकारचा नंतर, असं मानणारा. उत्तरंही त्याच बाजूने येतील, हे धरून वाचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. दहा लाखांची ठेव बँकेत आहे. व्याज वेळेवर जमा होतं, तरी दरवर्षी हात आखडता घ्यावा लागतो. याचा सरकारी खर्चाशी काय संबंध? (सांगली)

समजा व्याज सात टक्के, म्हणजे वर्षाला ७०,००० रुपये. महागाई सहा टक्के असेल, तर तुमच्या दहा लाखांची किंमत जिथल्या तिथे राखायलाच ६०,००० लागतात. खरी कमाई उरली १०,०००. तुम्ही नव्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर मात्र पूर्ण ७०,०००वर लागतो, १४,००० रुपये. म्हणजे कमावले दहा हजार आणि भरले चौदा हजार. न झालेल्या नफ्यावर कर घेणं याला व्यापारात वेगळं नाव आहे, पण आयकर कायद्यात ते बसतं.

आता खर्चाकडे येऊ. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, सुमारे १५.७ लाख कोटींची धरली होती. सरकारच्या हाती येणाऱ्या दर रुपयातले २४ पैसे कर्जाचे आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. हे कर्ज कोण देतं? बऱ्याच अंशी तुम्हीच. बँकांना ठेवींच्या साधारण १८ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जात, ठेवावी लागते. नव्वदच्या सुमारास हाच आकडा ३८.५ टक्के होता. तुमची सही फक्त ठेवीच्या अर्जावर होती, सरकारला उसने द्यायच्या कागदावर नव्हती.

पूर्वी तर काम आणखी सोपं होतं. तूट पडली की सरकार तात्पुरत्या हुंड्या (थोड्या मुदतीच्या कर्जाचे कागद) काढायचं आणि रिझर्व्ह बँक नवा पैसा निर्माण करून त्या घ्यायची. ती सोय १९९७ साली बंद झाली. मी त्याला गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या सुधारणांपैकी एक मानतो, जरी तिच्यावर कोणी अग्रलेख लिहीत बसत नसलं तरी. आज रिझर्व्ह बँक रोखे थेट न घेता बाजारातून घेते, पैसा मात्र नवाच असतो. २०२१च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत तिने एक लाख कोटींची अशी खरेदी जाहीर केली होती. पुढच्या वर्षी महागाई सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली. युक्रेनच्या युद्धाने तेल आणि धान्य महागलं हेही खरंच, सगळा दोष एका खरेदीवर टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण उद्दिष्ट चुकल्यावर कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेने सरकारला खुलाशाचं पत्र लिहिलं आणि ते पत्र जनतेला दाखवलं गेलं नाही. ज्यांचे पैसे झिजले त्यांनाच कारण कळू नये, हे मला महागाईइतकंच खटकतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चार टक्के महागाई हे २०१६पासूनचं अधिकृत उद्दिष्ट आहे. ते अगदी तंतोतंत गाठलं, तरी अठरा वर्षांत रुपया अर्ध्यावर येतो.

प्रश्न : सरकार महागाई रोखतं म्हणजे आमच्या कांद्याचे भाव पाडतं. तरी शहरातले नातेवाईक म्हणतात, महागाई कांद्यामुळेच होते. खरं काय? (निफाड)

कांदा महागणं आणि महागाई होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात येणारा पैसा तेवढाच असेल, तर कांद्याला जास्त गेले की दुसरीकडे कमी जातात. पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि भाव उतरतो. पण घरभाडं, शाळेची फी, दवाखाना, एसटीचं तिकीट असं सगळंच वर्षानुवर्षं चढत राहतं, तेव्हा वस्तू महागलेली नसते, रुपया स्वस्त झालेला असतो. तो तुमच्या शेतात स्वस्त झाला नाही.

तरी काठी पडते ती तुमच्याच पाठीवर, कारण कांदा दिसतो आणि तूट दिसत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती थेट मे २०२४मध्ये उघडली. त्यातला मुहूर्त बघा. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर कोठारात) चार-पाच महिने तरी थांबतो, लाल टिकत नाही. काढला की विकायचाच. ज्या शेतकऱ्याला थांबणं शक्यच नाही, नेमकं त्याच्या तोंडावर दार लावलं. दिल्लीत कोणाला हे माहीत नसेल असं वाटत नाही.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला ‘उणे सबसिडी’ म्हणायचे. शेतकऱ्याला मदत देणं राहिलं बाजूला, त्याच्याच खिशातून ग्राहकाला मदत काढायची. गरीब ग्राहकाला कांदा परवडत नसेल, तर त्याला सरकारने तिजोरीतून उघडपणे पैसे द्यावेत आणि ते अर्थसंकल्पात दाखवावेत. निर्यातबंदीचा खर्च कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून तर ती सगळ्याच सरकारांची लाडकी. माल माझा, गिऱ्हाईक दुबईचं किंवा ढाक्याचं, सौदा दोघांना मान्य, आणि मध्येच तिसरा येऊन सांगतो की विकायचं नाही. स्वातंत्र्य या शब्दावर भाषणं पुष्कळ होतात, मला ते इथे, लासलगावच्या कांदा लिलावात हवं आहे.

प्रश्न : लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये सुरू झाले आणि किराणा महागला, असं आमच्या सोसायटीत म्हणतात. तुमचंही हेच मत असणार! (सोलापूर)

नाही. राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत, कर्जालाही केंद्राची संमती लागते. तुमच्या वाण्याचे भाव देशभरातल्या पैशावर चढतात, एका राज्याच्या योजनेवर फारसे नाही. शिवाय रोख रक्कम थेट बाईच्या खात्यात जाते आणि ती कशावर खर्च करायची हे तीच ठरवते. शिलाई मशीन आणि सायकली वाटणाऱ्या खात्यांपेक्षा हा मार्ग मला कितीतरी बरा वाटतो.

माझी तक्रार वेगळी आहे. २०२५-२६साठी या योजनेला ३६,००० कोटी ठेवले आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली. म्हणजे रोजचा खर्चही उधारीवर. बहिणीला आज मिळालेले पैसे उद्या तिच्याच मुलाच्या करातून वसूल होणार, तेही व्याजासकट. दुसरे खर्च कापून ही योजना चालवली असती, तर माझा विरोध खूपच सौम्य झाला असता. कापाकापी मात्र कोणालाच नको असते.

प्रश्न : मग सरकार नकोच का? (ठाणे)

हवं. पोलीस, न्यायालय, सीमेचं रक्षण, करार मोडणाऱ्याला चाप. एवढं नीट झालं तरी पुष्कळ. दिवाणी दावा वर्षानुवर्षं लटकतो आणि सरकार हॉटेलं नि विमान कंपनी चालवत बसतं, हा क्रम मला उलटा वाटतो.

प्रश्न : महागाईपासून वाचायला सोनं घ्यावं का? (नागपूर)

गुंतवणुकीचा सल्ला मी देत नाही. पण लोक सोन्याकडे का वळतात, ते मला कळतं. सोनं छापता येत नाही. सरकारांनाही ते कळतं. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १९६८मध्ये त्याचा कायदाच झाला, तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. लोकांनी सोनं घेणं काही थांबवलं नाही, तस्करांचं मात्र चांगलं चाललं. तुम्ही घेतलंत तर पावती जपून ठेवा.